एसयूव्हीचे ब्रेक पॅड बदलूनही आवाज परत येतो: दोष शोधायचा कुठे

सात सीटची डिझेल एसयूव्ही, पुढचे पॅड बदलून जेमतेम आठ महिने झालेत, आणि ब्रेकवर पाय ठेवला की पुन्हा तीच शिट्टी. गॅरेजमध्ये नेली की उत्तर ठरलेलं: पॅड संपले. नवा सेट पडतो, दोन-तीन महिने बरे जातात, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मुंबईत हे इतकं नित्याचं झालंय की बरेच जण ट्रॅफिकला बोल लावून मोकळे होतात. ट्रॅफिकचा वाटा आहेच. तरीही शहरात रोज चालणाऱ्या अशा गाडीचे पुढचे पॅड साधारण २५ ते ४० हजार किलोमीटर जातात, ऑटोमॅटिक असेल तर थोडे कमी. बारा-पंधरा हजारांतच सेट उडत असेल, त्यातही एकाच चाकाचा लवकर उडत असेल, तर बहुतेक वेळा कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीवर (डिस्कवर) पॅड दाबणारा शिकंजा, नीट सरकत नसतो. जाम कॅलिपरमध्ये कितीही महाग पॅड घातला तरी तो त्याच वेगाने झिजणार.

जुने पॅड गॅरेजमध्ये सोडून येऊ नका

पॅड बदलताना मेकॅनिकला एवढंच सांगा की चारही जुने पॅड हवेत, आणि कुठला पॅड कुठल्या चाकाचा, आतला की बाहेरचा, हे खडूने लिहून द्या. निदानाचं निम्मं काम इथेच होतं. नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मिलीमीटर असतो (मागची लोखंडी पाटी धरायची नाही). ३ मिलीमीटरवर आला की बदलायचा, २ च्या खाली चालवायचाच नाही. चारही पॅड शेजारी ठेवा आणि पट्टीने मोजा.

एका चाकाचा आतला पॅड २ मिलीमीटर आणि बाहेरचा ६ असेल तर कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम आहेत किंवा पिस्टन मागे येत नाही. आपल्याकडच्या बहुतेक एसयूव्हींना पुढे तरंगता कॅलिपर असतो. पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच्या प्रतिक्रियेने सबंध कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिना सरकल्या नाहीत की आतला पॅड एकटा राबतो. याउलट बाहेरचा पॅड जास्त झिजला असेल, तर कॅलिपर पुढे सरकतोय पण ब्रेक सोडल्यावर मागे येत नाही, म्हणजे संशय पुन्हा पिनांवरच.

पॅड तिरका झिजला असेल, म्हणजे एक टोक ३ मिलीमीटर आणि दुसरं ६, तर दोनपैकी एकच पिन अडकलीय किंवा पॅडचा कान (पाटीचं बाहेर आलेलं टोक) ब्रॅकेटच्या, म्हणजे पॅड धरणाऱ्या चौकटीच्या, खाचेत गंजाने आवळला गेलाय. मिलीमीटरभराचा उतार सोडून द्या, तेवढा चांगल्या गाडीतही दिसतो.

डाव्या चाकाचे दोन्ही पॅड संपलेत आणि उजव्याचे निम्मे शिल्लक आहेत, हे दृश्य थोडं वेगळं. यात डाव्या बाजूचा रबरी ब्रेक पाइप आतून फुगून दाब अडवून ठेवत असेल, नाहीतर उजवा कॅलिपर कामच करत नसेल. पडताळणी सोपी आहे. चाक उचलून कुणाला तरी ब्रेक दाबून सोडायला सांगा आणि चाक हाताने फिरवा. अडतंय? मग कॅलिपरवरचा ब्लीड निपल (तेल-हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) पाव आटा ढिला करा. चार थेंब तेल उडालं आणि चाक मोकळं झालं, तर दाब पाइपात अडकला होता. तरीही अडलं, तर कॅलिपर किंवा पिन जाम. पाइप बाहेरून नवाकोरा दिसतो म्हणून यात बरेच जण फसतात.

पॅडचा चेहरा काचेसारखा चमकत असेल तर तो तापून भाजला आहे. थर भरपूर असेल तर ८० नंबरचा पॉलिश पेपर सपाट फरशीवर ठेवून त्यावर घासला की काम भागतं. भेगा पडल्या असतील, कडा तुटत असतील किंवा ग्रीस-तेल मुरलं असेल तर मात्र तो फेकायचा. तेल मुरलेला पॅड पेट्रोलने धुऊन परत बसवतात. तसं करू देऊ नका, तापल्यावर आतलं तेल पुन्हा वर येतं.

आवाज कुठला, यावरून घाई ठरवा

पावसाळ्यात सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकला येणारा खरखर आवाज म्हणजे रात्रीत डिस्कवर चढलेला गंज. तो सोसायटीच्या गेटपासून पहिल्या सिग्नलपर्यंत निघून जातो, त्यासाठी काही उघडायची गरज नाही. समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांना, वरळी सी फेस असो की कार्टर रोड, तो हिवाळ्यातही येतो.

ब्रेक दाबला नसतानाही बारीक शिट्टी येते आणि दाबला की थांबते, असं असेल तर झिजेची सूचना देणारी लोखंडी जीभ डिस्कला लागू लागली आहे. ती बहुतेक गाड्यांत आतल्या पॅडवर असते, म्हणून चाकाच्या आऱ्यांतून बाहेरचा पॅड जाड दिसत असला तरी तिच्यावर विश्वास ठेवा. फक्त दाबल्यावर शिट्टी येत असेल तर पॅड थरथरतोय: पाठीवरची शिम (आवाज दाबणारी पातळ पत्री) नाही, क्लिप ढिल्या आहेत किंवा पॅड चमकला आहे. लोखंडावर लोखंड घासल्यासारखं कर्र ऐकू आलं तर गाडी पुढे नेऊ नका. अर्ध्या तासाच्या ट्रॅफिकमध्ये डिस्क खरवडून निघते आणि मग पॅडच्या जोडीला डिस्कचा खर्चही येतो. चाक फिरतं तसा सतत खणखण आवाज येत असेल तर डिस्कमागच्या पातळ पत्र्यात खडा अडकलेला असतो. रस्ते खणलेले असताना हे सर्रास होतं. पत्रा स्क्रू ड्रायव्हरने जरा ओढला की खडा पडतो.

मुंबईत पिना का जाम होतात

हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे अशा ठिकाणी गाडी पाण्यातून गेली की चिखलाचं पाणी कॅलिपरवर येतं. पिनेवरचा रबरी बूट शाबूत असेल तर आत काही जात नाही. पण बूट फाटलेला असेल किंवा गेल्या वेळी खाचेत नीट बसवला नसेल, तर पाणी आत शिरतं, खारी हवा उरलेलं काम करते, आणि दिवाळीपर्यंत पिनेवर तपकिरी थर चढतो. हाय प्रेशर पाण्याने चाकं धुणाऱ्या वॉशिंग सेंटरचाही यात हात असतो. फवारा थेट बुटावर मारला की तो उलटतो.

दुसरं कारण गॅरेजमधलंच आहे आणि ते जास्त चिडवणारं आहे. पिनेला डब्यातलं साधं पिवळं बेअरिंग ग्रीस चोपडतात. ते पेट्रोलियमचं असतं. कॅलिपरमधलं रबर ब्रेक ऑइलशी जमेल अशा जातीचं असतं, पण पेट्रोलियम लागलं की फुगतं. फुगलेलं रबर पिनेला धरून ठेवतं. म्हणजे पिन मोकळी चालावी म्हणून लावलेल्या ग्रीसनेच ती सहा महिन्यांत अडकते, आणि नव्या पॅडांचा दुसरा सेटही बळी जातो. इथे फक्त सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठी म्हणून मिळणारं सिंथेटिक ग्रीस चालतं. दोन्ही चाकांच्या चार पिनांना मिळून पाच-सहा ग्रॅम पुरतं, छोटी ट्यूब दोन-तीन वेळा होते. भसाभस भरायचं नाही. भोकात जास्त ग्रीस गेलं की हवा कोंडते आणि पिन स्प्रिंगसारखी बाहेर ढकलली जाते.

आणखी एक बारीक गोष्ट. बऱ्याच कॅलिपरांत दोन पिना सारख्या नसतात. एकीच्या टोकाला रबरी बाही किंवा सपाट कड असते, दुसरी गुळगुळीत. कुठली वर आणि कुठली खाली हे कंपनीने ठरवलेलं असतं. काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. अदलाबदल झाली तर बसतात व्यवस्थित, पण पॅड खडखडतात किंवा तिरके झिजतात.

पिन काढल्यावर कपड्याने पुसा. नुसता काळा जुना मळ असेल तर बारीक पॉलिश पेपर आणि ब्रेक क्लीनरने साफ होते. पृष्ठभागावर खड्डे पडलेत, मुलामा उडालाय, तर साफसफाईवर वेळ घालवू नका, पिना आणि बूट यांचा किट नवीन घ्या. ब्रॅकेटमधलं पिनेचं भोकही साफ करायला लागतं, ते बहुतेक जण विसरतात. बसवल्यावर पिन दोन बोटांनी आत-बाहेर झाली पाहिजे. हातोडीची गरज पडत असेल तर काम झालेलं नाही.

बदलण्याचं काम, जिथे चुका होतात तिथे थांबत

गाडी सपाट जागेवर घ्या. पोडियम किंवा बेसमेंटचा रॅम्प नको, मेकॅनिकल पार्किंगचा पाळणा तर मुळीच नको. मागच्या चाकांना दगड लावा, पुढच्या चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा, मग जॅक लावा आणि चासीखाली घोडी (गाडी तोलून धरणारा लोखंडी स्टँड) ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर दोन टनांच्या गाडीत हात घालायचा नाही. एक चाक पूर्ण करून मगच दुसरं उघडा. काही अडलं तर दुसरी बाजू नमुना म्हणून समोर असते.

नवे पॅड बसवायचे तर पिस्टन आत ढकलावा लागतो आणि तेवढं ब्रेक ऑइल वरच्या टाकीत चढतं. पॅड झिजत गेले तशी टाकीतली पातळी खाली गेलेली असते आणि मधल्या सर्व्हिसला कुणीतरी ती वरपर्यंत भरून ठेवलेली असते. अशा वेळी तेल ओसंडून बॉनेटखालच्या रंगावर पडतं आणि रंग सोलून निघतो. म्हणून आधी पिचकारीने थोडं तेल काढून घ्या. एरवीही मलबार हिलच्या उतारावर वळताना डॅशबोर्डवरचा ब्रेकचा दिवा क्षणभर लागून विझत असेल, तर तेल ओतायच्या आधी पॅड तपासा.

खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उलटतात किंवा दोन्ही काढून बाजूला घेतात. बाजूला घेतलात तर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा, रबरी पाइपावर लोंबकळू देऊ नका. आतून फुगलेले पाइप बऱ्याचदा याच सवयीतून तयार होतात. पिस्टन सी-क्लॅम्पने हळू आणि सरळ दाबा, मध्ये जुना पॅड धरा. हाताला सारखा विरोध लागला पाहिजे. मध्येच अडला किंवा पिस्टनला धुळीपासून वाचवणारं रबर फाटलेलं दिसलं, तर कॅलिपरचा सील किट टाकायची वेळ आली आहे.

मागे डिस्क असलेल्या गाड्यांत मात्र थांबा. हँडब्रेकची केबल कॅलिपरलाच जोडलेली असेल तर पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोड लावून मोटर मागे घ्यावी लागते. जबरदस्तीने दाबला तर आतला स्क्रू मोडतो. हे काम स्कॅनर असलेल्या गॅरेजवरच सोपवा.

आता ब्रॅकेट. पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तिथल्या स्टीलच्या क्लिप काढा. त्यांच्याखाली गंज फुगून क्लिप वर उचललेली असते आणि जागा अर्धा मिलीमीटरने कमी झालेली असते. तारेच्या ब्रशने आणि कानशीने तो गंज लोखंडापर्यंत काढा, मग नवीन क्लिप बसवा. पॅड खाचेत हाताने सरकला पाहिजे. हे दहा मिनिटांचं काम वगळलं जातं, पण पॅड एकदा खाचेत आवळला की ब्रेक सोडल्यावरही तो डिस्कला चिकटून राहतो. जुन्या शिम चांगल्या असतील आणि नव्या पॅडला नसतील तर त्या लावून घ्या. ग्रीसचा पातळ हात फक्त कानांना आणि पाटीच्या मागे. पॅडच्या चेहऱ्याला किंवा डिस्कला बोट लागलं तर ब्रेक क्लीनरने पुसून काढा. साठलेली काळी धूळ हवेच्या पाइपाने उडवू नका, फुफ्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसा.

बोल्ट आवळायचं माप गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलं घ्या. अंदाज म्हणून सांगायचं तर पिनेचे बोल्ट बहुधा २५ ते ३५ न्यूटन-मीटरचे असतात, ब्रॅकेटचे त्याच्या तिप्पट किंवा जास्त. पिनेच्या बोल्टला ब्रॅकेटचा जोर लावला की आटे जातात.

सगळं झालं की इंजिन सुरू करून, गाडी जागेवर उभी ठेवून, पेडल पाच-सहा वेळा दाबा. पहिल्यांदा ते तळापर्यंत जाईल, कारण पिस्टन अजून पॅडपासून लांब आहे. हे न करता गाडी गिअरमध्ये टाकली तर पार्किंगच्या पहिल्याच खांबावर समजतं. टाकीतली पातळी मग बघा.

पेडल थरथरतं, स्टिअरिंग हलतं

ऐंशीच्या वेगात ब्रेक दाबला की पाय थरथरतो, आणि मेकॅनिक म्हणतो डिस्क वाकली. डिस्क खरोखर वाकलेली क्वचितच असते. तिची जाडी गोलाभोवती एका जागी शंभराव्या मिलीमीटरच्या हिशोबात कमी-जास्त झालेली असते आणि एवढ्यानेच पेडल थरथरायला लागतं. त्याला दोन कारणं. हबवरचा (डिस्क ज्यावर बसते त्या भागावरचा) गंज न काढता डिस्क बसवली की ती बारीकशी तिरकी फिरते आणि हजारो फेऱ्यांत एकाच जागी झिजते. किंवा चाकाचे नट गनने कमी-जास्त आवळले जातात. पंक्चरवाल्याकडून चाक बसवून घेतलं की नट समोरासमोरच्या जोडीने, टॉर्क पान्याने पुन्हा आवळा. बहुतेक एसयूव्हींत हे माप १०० ते १२० न्यूटन-मीटरच्या आसपास असतं.

लेथवर डिस्क घासून घेणं स्वस्त पडतं, पण आधी डिस्कच्या कडेवर कोरलेली किमान जाडी वाचा आणि मायक्रोमीटरने आठ जागी मोजा. घासल्यावर ती त्या आकड्याच्या वर उरणार नसेल तर नवी जोडी घ्या. पातळ डिस्क लवकर तापते.

तापण्याचा प्रश्न मुंबईकराला भेटतो तो लोणावळ्याहून परतताना. लोणावळा ते खोपोली उतार साधारण साडेपाचशे मीटरचा. दोन टनांची भरलेली गाडी तेवढं उतरते तेव्हा जी ऊर्जा सुटते, ती ऐंशीच्या वेगातून गाडी वीस-बावीस वेळा पूर्ण थांबवण्याइतकी असते. त्यातली थोडी हवा खाते, बाकी इंजिन तरी घेतं किंवा ब्रेक तरी. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल मोड त्यासाठीच आहे. घाट संपल्यावर टोलपाशी किंवा फूड मॉलला पोचलात की तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून बराच वेळ उभं राहू नका, पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो. सपाटीवर असाल तर पाय सैल सोडा. आणि चाकं गरम असताना गाडी धुवायला लावू नका.

ब्रेक ऑइल

डॉट ३ चा कोरडा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस, डॉट ४ चा २३०. पण हे तेल हवेतला ओलावा शोषतं. ३.७ टक्के पाणी मुरलं की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. मग घाटात तेलात बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजसारखं लागतं. मुंबईच्या दमटपणात दोन वर्षांची मुदत टाळू नका. पूर्ण बदलायला लिटरभर पुरतं. टाकीच्या झाकणावर लिहिलेलाच ग्रेड घ्या, सीलबंद डब्यातला. अर्धा उरलेला डबा पुढच्या वर्षासाठी ठेवायचा नाही. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

खरेदी आणि पॅड बसवल्यानंतरचे दोनशे किलोमीटर

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सगळं मिळतं, नकली मालही. चासी नंबर देऊन पार्ट नंबर काढून घ्या. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक कॅलिपर बदललेला असतो. पॅडबरोबर क्लिपचा सेट मागा, तो डब्यात असतोच असं नाही. पॅड नेहमी एका आसाचे, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या दोन्ही चाकांचे, चारही बदलायचे, एकाच चाकाचे नाही, नाहीतर ब्रेक दाबला की गाडी बाजूला ओढते. छपाई पुसट, पॅडवर बॅच नंबर नाही, थर पाटीपासून नखाने सुटतोय असं दिसलं तर दुकान बदला.

नवा पॅड डिस्कवर बसवावा लागतो. रविवारी भल्या पहाटे, रस्ता मोकळा असताना, मागे गाडी नाही हे बघून, पन्नास-साठच्या वेगातून दहापर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करा. पूर्ण थांबू नका. दोन ब्रेकच्या मध्ये अर्धा किलोमीटर जाऊ द्या आणि शेवटी दहा मिनिटं ब्रेक न दाबता चालवून गार करा. पुढचे दोनशे किलोमीटर करकचून ब्रेक टाळा. या दिवसांत थोडा वास आला तर घाबरायचं कारण नाही.

याच सुमारास एकदा हात लावून तपासणी करा. वीस मिनिटांच्या फेरीनंतर, शेवटचे दोनशे मीटर ब्रेक फारसा न वापरता गाडी थांबवा आणि दोन्ही पुढच्या रिमजवळ तळहात धरा, डिस्कला शिवू नका. एका बाजूला धग स्पष्ट जास्त असेल तर ती बाजू अडकते आहे. नवीन पॅड संपायची वाट न बघता चाक पुन्हा उघडा. नंतरची तपासणी ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरला की: पिना काढून पुसायच्या, ग्रीस बदलायचं, बूट बघायचे. दोन चाकांना तासभर लागतो. मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असतील तर पावसाळ्यात पाण्यातून आल्यावर रात्री सपाट जागेवर हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा, म्हणजे सकाळी लायनर (ड्रममधले घर्षणाचे पट्टे) ड्रमला चिकटलेले सापडणार नाहीत.